बामला घाम का फुटतो?

हिवाळ्यात "बाम दगड झालाय, बोटाला लागतच नाही", पावसाळ्यात "वर पांढरं काहीतरी आलंय" आणि मे महिन्यात सगळ्यांचं एकच, "वितळला हो!" या पानावर येणाऱ्या पत्रांवरून बाहेरचा ऋतू ओळखता येतो. नव्या वाचकांसाठी सांगते, भोसरीतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षं मलमं आणि क्रीम तपासायचं काम केलं, त्यामुळे चांगलं बनवण्यापेक्षा बिघडलेलं ओळखण्यात माझा हात जास्त बसलाय. तेव्हा बिघडलेल्याबद्दल बिनधास्त विचारत जा, लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न: ताई, मी मार्चमध्ये लिपबाम केला होता. मधमाशीचं मेण १ चमचा, शिया बटर २ चमचे, बदाम तेल ३ चमचे. इतका सुंदर झाला की बहिणींना, जावेला सगळ्यांना डब्या वाटल्या. आता एप्रिलच्या शेवटी झाकण उघडलं तर वर तेलाचे थेंब, खाली रव्यासारखं कणीदार, ओठावर साखर घासल्यासारखं वाटतं. नासला का? फेकून देऊ? आणि जावेला काय सांगू? (कोथरूड)

उत्तर: जावेला सांगा की परत आणून दे, दुरुस्त करून देते. फेकू अजिबात नका, नासलेला नाहीये तो, त्याला फक्त उन्हाळा बाधलाय. दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि एकदम दिसतायत म्हणून घाबरायला होतं.

आधी ते रव्याचं बघू. घरी लोणी कढवून पातेलं ओट्यावर तसंच राहू दिलं की सकाळी छान रवाळ तूप मिळतं, आणि तेच गरम तूप घाईने फ्रीजमध्ये ढकललं की एकसंध गोळा थिजतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शिया बटरचं अगदी हेच आहे. त्यात वेगवेगळ्या तापमानाला थिजणाऱ्या चरब्या एकत्र नांदतात, हळूहळू थंड झालं की ज्या लवकर थिजतात त्या आधी बाजूला होऊन आपापले दाणे करून बसतात आणि उरलेलं पातळ तेल मधे मोकळं फिरतं. तुपात आपल्याला हे हवं असतं, बामात नको असतं, एवढाच काय तो फरक. आता पुण्यातला एप्रिल बघा, दुपारी ३८-४० आणि पहाटे २०-२२, म्हणजे तुमची डबी रोज दुपारी अर्धी वितळत होती आणि रोज रात्री अगदी सावकाश परत थिजत होती, महिनाभर तुम्ही न सांगता रवाळ तूपच करत होतात म्हणा ना.

दुसरं म्हणजे घाम. मेण गरम तेलात विरघळतं आणि थंड होताना त्याचे बारीक बारीक स्फटिक होऊन त्यांची एक जाळी तयार होते, तेल त्या जाळीत अडकून राहतं, म्हणून तर पातळ तेलाचा घट्ट बाम होतो. मेण कमी पडलं की जाळी विरळ, विरळ जाळी उन्हाने सैल पडली की तेल सुटून वर येणारच. तुमचं मेण कमी पडलंय याची मला खात्री आहे, कारण तुम्ही चमच्याने मोजलंत. किसलेलं मेण चमच्यात हलकं भरलं तर दोन-तीन ग्रॅम, दाबून भरलं तर त्याच्या दीडपट, तेल मात्र चमच्यात पूर्ण भरतं. मागेही लिहिलं होतं आणि परत लिहिते, चमचा आमटीत मीठ घालायला, बामला वजनकाटा. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हल्ली ऑनलाइन कुठेही मिळतो.

प्रमाणाचा अंदाज असा की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के मेण म्हणजे बोटावर घेऊन चोळायचं मऊ मलम, २० च्या आसपास म्हणजे डबीतला घट्ट बाम आणि २५ च्या वर गेलात की कांडी करता येते. आयुर्वेदात मलमांचा पाया म्हणून सिक्थतैल करतात, त्यात एक भाग मेणाला पाच-सहा भाग तिळाचं तेल, म्हणजे हिशोब केला तर १४ ते १७ टक्केच येतं की नाही! इंटरनेटवरच्या बऱ्याच रेसिपी थंड देशातल्या असतात, त्यांच्याकडे १२ टक्के मेणात बाम धरतो, आपल्याकडे तो मे महिन्यात सूप होतो, त्यात त्या बिचाऱ्यांची काही चूक नाही.

मी पुण्याच्या उन्हाळ्यासाठी ५० ग्रॅमचा घाणा असा करते: मधमाशीचं मेण ११ ग्रॅम, कोकमाचं तेल ९, खोबरेल १०, तिळाचं किंवा बदामाचं तेल १५, एरंडेल ५. हिवाळ्यात मेण ८ वर आणते आणि ते ३ ग्रॅम तिळाच्या तेलात टाकते. शियाऐवजी कोकम का, तर एक म्हणजे ते आपल्या कोकणातलं आहे, सोलांच्या बियांचं, भिरंडेल म्हणतात ना तेच, भेगाळलेल्या टाचांना आजी लावायची ते, आणि दुसरं म्हणजे ते साधारण ४० अंशांजवळ वितळतं त्यामुळे शियापेक्षा जरा जास्त तग धरतं. कोकणातून आणलेल्या घरगुती गोळ्यात कचरा असतो आणि वासही असतो, तो वितळवून फडक्यातून गाळून घ्या.

खोबरेलाबद्दल एक गंमत लक्षात ठेवा. ते २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागते आणि मार्चनंतर ते पाण्यासारखं पातळ. त्यामुळे बामातही हिवाळ्यात ते घट्ट बाजूला मोजायचं आणि उन्हाळ्यात पातळ बाजूला. बाथरूममधली खोबरेलाची बाटली हा पुण्यातल्या बाम करणाऱ्याचा फुकटचा थर्मामीटर आहे.

आता दुरुस्ती. सगळ्या डब्या खरवडून एका स्टीलच्या भांड्यात घ्या, वजन करा आणि त्यात आणखी ८-१० टक्के मेण घाला. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात हे भांडं ठेवा, थेट गॅसवर नको. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, पण सगळं पातळ दिसलं की लगेच उतरवायची घाई करू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. जुने दाणे डोळ्यांना दिसेनासे झाले तरी त्यांचं बी शिल्लक असतं आणि थंड होताना त्याच बियांवर परत दाणे धरतात. म्हणून ७०-७५ अंशांवर १५-२० मिनिटं राहू द्या. मग उतरवून भांड्याचा तळ गार पाण्यात टेकवा आणि चमच्याने सारखं ढवळत राहा (पाण्याचा एक थेंबही आत उडता कामा नये हां), कडेला किंचित दुधाळपणा दिसला की पटापट डब्यांत ओता आणि फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. फ्रीझरमध्ये वरचं आणि कडेचं आधी आवळतं आणि मधे खड्डा पडतो नाहीतर चीर जाते, कारण मेण थिजताना आकसतं. खड्डा पडलाच तर हेअर ड्रायरचा वारा वरून द्या, वरचा थर वितळून सपाट होतो.

ओतायच्या आधी एक थेंब गार स्टीलच्या चमच्यावर टाका, दोन मिनिटं फ्रीजमध्ये, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आला की बोट लावून बघा, मऊ वाटला तर मेण वाढवा, बोटाला ओरखडावं लागलं तर तेल. आणि वाटण्याआधी एक डबी आलटून पालटून तीन दिवस फ्रीजमध्ये आणि तीन दिवस गच्चीखालच्या गरम माळ्यावर अशी तीनदा फिरवा. त्यातून घाम न फुटता बाहेर आली तर जावेला द्यायला हरकत नाही. माझी पहिली परीक्षा स्कूटरच्या डिकीत झाली होती, लक्ष्मी रोडवर खरेदी करून येईपर्यंत पर्समधला बाम पर्सभर, त्यात नवी कोरी पैठणीची ब्लाउजपीस. तेव्हापासून कारखान्यात काय नि घरात काय, आधी गरमीची टेस्ट.

प्रश्न: खात्रीचं मेण पुण्यात कुठे मिळेल? किराणावाला मेण म्हणून देतो ते पांढरंशुभ्र असतं. (औंध)

उत्तर: ते बहुतेक मेणबत्तीचं पॅराफिन असणार. मधमाशीचं मेण हातात मळलं की हळूहळू लवचिक होतं आणि मधाचा वास येतो, पॅराफिन तुटतं आणि गुळगुळीत निसरडं लागतं. मात्र भेसळ थोडी असेल तर हाताला कळत नाही, ते लॅबचंच काम. शक्यतो मधपाळाकडून थेट घ्या. तुमच्या जवळच गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे मधमाशीपालन शिकून गेलेले कितीतरी लोक आहेत, चौकशी केली तर असा एखादा मधपाळ सापडेल. महाबळेश्वरला जाणार असाल तर मांघरला जाऊन या, २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून, थंड होऊ द्या, वर चकती येते. चकतीच्या खाली काळा गाळ असतो तो चाकूने खरवडा आणि चकती दोन दिवस कोरडी होऊ द्या. हे दोन दिवस कंटाळून टाळू नका, का ते पुढच्या पत्रात दिसेलच.

प्रश्न: काकू, मी कॉलेजला आहे, बीटाचा रस, मध आणि गुलाबपाणी घालून टिंटवाला बाम केला. रंग मिसळलाच नाही, लाल लाल थेंब खाली बसले आणि पंधरा दिवसांत वर बुरशी!! यूट्यूबवर तर मस्त झाला होता. (हडपसर)

उत्तर: अगं यूट्यूबवर व्हिडिओ पाचव्या मिनिटाला संपतो, पंधराव्या दिवशी तिची डबी कशी दिसत होती ते कोण दाखवतंय! बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा, तेलात त्याला जागाच नाही, मध आणि गुलाबपाण्याचंही तेच. तू कितीही फेटलंस तरी थंड होताना ते थेंब वेगळे होणार आणि त्या थेंबांत साखर, पाणी, सगळी मेजवानी मांडलेली, बुरशी नाही येणार तर काय. निव्वळ तेल आणि मेणाच्या बामला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही ते त्यात पाणी नसतं म्हणूनच, एकदा पाणी आलं की तो नियम संपला. कोरफडीचा ताजा गर, लिंबाचा रस, काकडी, हेही सगळं बाद. ती डबी मात्र खरंच फेक, वरची बुरशी काढून खालचं वापरू नकोस.

रंग हवाय ना, तर रतनजोत आण, आयुर्वेदिक औषधांच्या काष्ठौषधीच्या दुकानात मुळ्या मिळतात. काश्मिरी रोगनजोशला लाल रंग देतात ती हीच. तिचा रंग तेलात उतरतो. २० ग्रॅम तिळाच्या तेलात १ ग्रॅम मुळ्या कोमट करून एक रात्र ठेव, गाळ आणि तेच तेल बामात वापर, सुरेख गडद लाल येतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ, मग ओठांना. आणि बाम घेताना बोट कोरडं हवं, पावसाळ्यात ओल्या हाताने डबी उघडलीस की परत तीच गोष्ट.

प्रश्न: मी तुळशीची ताजी पानं जवसाच्या तेलात लोखंडी कढईत उकळून त्याचा बाम केला, टिकावा म्हणून व्हिटॅमिन ई च्या चार कॅप्सूल फोडून घातल्या. तरी दीड महिन्यात खवट वास. कॅप्सूल कमी पडल्या का? (सिंहगड रोड)

उत्तर: चाळीस घातल्या असत्या तरी हेच झालं असतं. कॅप्सूलच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा, बहुतेक टोकोफेरिल ॲसिटेट लिहिलेलं असेल. त्यात व्हिटॅमिन ई ची जी बाजू हवेशी झुंजते तीच झाकून ठेवलेली असते, पोटात गेल्यावर ते झाकण निघतं, डबीत कोण काढणार? तेल वाचवायला साधं टोकोफेरॉल लागतं, मिक्स्ड टोकोफेरॉल म्हणून कॉस्मेटिकचं सामान विकणारे देतात, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम पुरे, जास्त घालून उलटा परिणाम होऊ शकतो. आणि ते तेल खवट होणं लांबवतं फक्त, झालेलं खवट परत गोडं करत नाही, बुरशीशी तर त्याचा काही संबंधच नाही.

पण खरं सांगू का, तुम्ही तेल खवट व्हायला लागतं ते सगळं एकाच कढईत जमवलंत. जवसाचं तेल खायला उत्तम पण त्यातलं निम्म्याहून अधिक हवेशी पटकन लागणारं, लोखंड त्या क्रियेला ढकलणारं (तांबंही तसंच, म्हणून स्टील किंवा काच), वर उकळलंत आणि ताज्या पानांचं पाणीही आत. तिळाचं तेल घ्या, त्यात सेसमॉलसारखे स्वतःचेच राखणदार असतात, किंवा खोबरेल घ्या. तुळस सावलीत कुरकुरीत वाळवा, मंद आचेवर तास-दीड तास कोमट ठेवा. पाणी राहिलंय का हे बघायची जुनी वैद्यांची युक्ती आहे, कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवा, तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर झालं. लाकडी घाण्याचं तेल घेत असाल तर आठवडाभर तळाशी गाळ बसू द्या आणि वरचंच निवळ घ्या.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, मधमाशीचं मेण चालत नाही. पर्याय? (मार्केट यार्ड)

उत्तर: कॅन्डेलिला मेण, मेक्सिकोच्या वाळवंटी भागातल्या झुडपाचं असतं. ते जास्त कडक, त्यामुळे मधमाशीच्या मेणाच्या निम्म्याहून किंचित जास्त घ्यायचं, वरच्या माझ्या प्रमाणात ११ च्या जागी ६ ग्रॅम, उरलेले ५ कोकमाच्या तेलात टाका. चमक छान येते पण मधमाशीच्या मेणाचा चिकट धरपणा येत नाही, एरंडेल थोडं वाढवलं की बरं वाटतं. ब्राझीलच्या ताडाचं कार्नोबाही मिळतं, ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं म्हणजे पाणी खळखळ उकळतंच ठेवावं लागेल, आणि जास्त घातलंत तर बाम खडूसारखा. आपल्याकडे राइस ब्रॅन तेल काढताना भाताच्या कोंड्याचं मेणही निघतं, मला स्वतःला तेच आवडतं, मलईदार लागतं, पण किरकोळीत मिळायची मारामार.

प्रश्न: नातवंडांसाठी सर्दीचा बाम करायला घेतला. कापूर, पुदिन्याचं फूल (मेन्थॉल), ओव्याचं फूल (थायमॉल) एका बाटलीत घातलं तर तिन्ही घट्ट वस्तूंचं पाणी झालं! ते मेण-तेलात घातलं तर बाम चार दिवस झाले तरी खिरीसारखाच. वय ७१, हात भाजत नाहीत पण डोकं तापलं. (सदाशिव पेठ)

उत्तर: आजी, तुम्ही अमृतधारा केलीत! हे तिन्ही पदार्थ एकमेकांना भेटले की एकमेकांचा वितळायचा बिंदू खाली ओढतात, म्हणून घरच्या तापमानालाच पातळ होतात, पूर्वीपासून तसंच करून ठेवायचे. पण बामात हे पातळ म्हणजे आणखी तेल घातल्यासारखंच, शिवाय ते मेणाची जाळीही सैल करतं. तिन्ही मिळून ५० ग्रॅमच्या घाण्यात ३ ग्रॅमच्या वर नको आणि मेण २ ग्रॅम वाढवा, तेवढंच तिळाचं तेल कमी करा. गॅस बंद करून भांडं ओट्यावर उतरवल्यावर, मिश्रण ५५ अंशांच्या खाली आलं की घालायचं आणि लगेच झाकण. वाफ पेट घेते, त्यामुळे ज्योत जवळ नको, आणि गरमात घातलं तर निम्मं घरभर उडून जातं, बामात वास उरत नाही. कापूर देवघरातला नको.

नातवंडं किती वर्षांची ते लिहिलं नाहीत म्हणून सांगते, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे अजिबात लावायचं नाही, मोठ्यांनाही नाकाच्या आत नाही, छातीला आणि पाठीला. आणि डबी उंच फळीवर ठेवा, मुलांनी कापूर खाल्ला तर फिट येण्यापर्यंत जातं.

प्रश्न: दिवाळीत सोसायटीच्या स्टॉलवर विकू का? "सांधेदुखीवर गुणकारी" असं लेबल करायचा विचार आहे. (वाकड)

उत्तर: मैत्रिणींना भेट द्या, कितीही द्या. विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे बनवण्याचं लायसन्स लागतं, आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन देतं, आणि घरचा ओटा त्यात बसत नाही. ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांच्या कारखान्यात बनवून घ्यायचं लोन लायसन्सही असतं, ते बघा. सांधेदुखीचं मात्र विसरा, तो शब्द आला की ते प्रसाधन राहत नाही, औषध होतं आणि नियम आणखी वेगळे.

प्रश्न: बामचं भांडं धुवून धुवून वैताग आलाय, स्क्रबरही गेला. (बिबवेवाडी)

उत्तर: धुवायचंच नाही आधी. भांडं परत गरम पाण्यावर ठेवा, मेण सुटलं की जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढा, दोनदा, तो कागद कचऱ्यात. मग उरलेल्या ओशटपणाला भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरतं. वितळलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, ते पाइपच्या वळणात जाऊन थिजतं, आमच्याकडे प्लंबरने तिथून काढलेला गोळा मी ओळखला होता, २२ टक्क्यांचाच होता.